माजघर खचलं आणि छप्पर मोडलं : मेढ्याजवळच्या एका घराच्या आराखड्याचं प्रकरण

आराखड्याची फाइल संगणकावर उघडली तेव्हा छपराला ११ पाखी (उतरत्या बाजू) होती. घर अगदी साधं. पुढं ४० फूट लांब आणि २२ फूट रुंद मुख्य घर, त्याच्या पश्चिमेच्या टोकाला मागं, म्हणजे उत्तरेकडं, निघालेली १४ फूट रुंदीची शेपटी. असल्या घराला चार पाखी पुरतात, दोन पुढच्या घराची आणि दोन शेपटीची. इथं ११ होती, शिवाय माजघराच्या बरोबर वर छपराला सहा इंचांची पायरी पडली होती, पुढच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, छप्परच नव्हतं, आणि काही वासे कौलांतून वर डोकावत होते. आमच्याकडं शिकाऊ म्हणून आलेली मुलगी तीन दिवस या फाइलशी झटत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "सर, छप्पर सोडून सगळं झालंय."

छप्पर सोडून सगळं झालंय, असं कुणी म्हटलं की मी आता खाली बघतो. वरचं मोडलेलं बहुतेक वेळा खालच्या कशामुळं तरी मोडलेलं असतं.

घर सातारा जिल्ह्यात, मेढ्याच्या पलीकडं, जावळीच्या डोंगरउतारावर. मालक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, आम्हीही. स्लॅब नको, मंगलोरी कौलं हवीत, पुढं बसायला सोपा हवा, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. मेढ्याला तेवढा नाही, पण सातारा शहराच्या मानानं पुष्कळच. तिथं उताराला कंजुषी करून चालत नाही. ३० अंश ठरले.

त्या ३० अंशांनीच पहिला घोळ घातला होता. आम्ही वापरतो ते घर आखायचं सॉफ्टवेअर अमेरिकी वळणाचं. तिकडं छपराचा उतार अंशांत सांगत नाहीत, १२ इंच आडवं गेल्यावर किती इंच वर चढलं ते सांगतात. मुलीनं त्या चौकटीत ३० लिहिलं. बाराला तीस म्हणजे ६८ अंश. पडद्यावर घराऐवजी वाईच्या घाटावरच्या देवळाचं शिखर उभं राहिलं. ३० अंशांना बाराला सात हा आकडा जवळचा आहे, नेमकं सांगायचं तर ३० अंशांहून पाव अंश जास्त. हे तिचं तिनंच पहिल्या दिवशी शोधलं होतं. खरी दुखणी त्यानंतरची.

फाइल नव्या नावानं साठवली आणि त्या प्रतीतली सगळी पाखी, सगळे वासे, पोटमाळ्याच्या सगळ्या त्रिकोणी भिंती पुसून टाकल्या. मुलीचा चेहरा उतरला. तीन दिवसांत तिनं एकेक पाखं हातानं ओढून, जोडून, कापून कसंबसं एका रेषेत आणलं होतं. पण तिनं एक केलं होतं, जे सगळेच करतात आणि मीही अनेकदा केलंय. छप्पर मनासारखं होत नाही म्हटल्यावर 'छप्पर आपोआप पुन्हा बांधा' ही खूण काढून टाकली होती. ती चालू असेल तर भिंत हलवली की छप्पर नव्यानं बांधलं जातं आणि हातानं केलेली दुरुस्ती पुसली जाते. बंद असेल तर दुरुस्ती टिकते, पण खालच्या भिंतीशी छपराचं नातं तुटतं. तिनं खूण काढल्यानंतर दोन भिंती सरकवल्या होत्या. छप्पर जुन्याच जागी राहिलं. त्यामुळं पडद्यावर दिसत होतं ते छप्पर त्या घराचं नव्हतंच, तीन दिवसांपूर्वीच्या घराचं होतं.

छप्पर काढल्यावर उरला नुसता तळमजला. मी तिला एकच काम सांगितलं, प्रत्येक खोलीच्या फरशीला वेगळा रंग दे. माजघराला लाल दिला तर स्वयंपाकघर लाल झालं. देवघरही लाल झालं. तिन्ही मिळून एकच खोली, क्षेत्रफळ ३९४ चौरस फूट. माजघराचं २३४, स्वयंपाकघराचं १२५ आणि देवघराचं ३५, बेरीज बरोबर तेवढीच. खोलीचं नाव एकाच ठिकाणी उमटत होतं आणि उरलेली दोन तिनं साध्या अक्षरांत वरून लिहिली होती. नाव आपोआप उमटत नाही आणि हातानं लिहावं लागतं, तिथंच खरं तर थांबायचं.

या सॉफ्टवेअरला खोली म्हणजे काय कळतं, हे जावळीत भात लावणाऱ्याला एका वाक्यात समजेल. खाचराचे चारी बांध धड असतील तर पाणी ठरतं. एका बांधाला खेकड्याचं बीळ असेल तर पाणी खालच्या खाचरात उतरतं आणि दोन्ही खाचरं एका पातळीला येतात. बीळ बांधावर उभं राहून दिसत नाही. इथंही तसंच. गुरुजींच्या हातच्या नकाशाचा फोटो खाली ठेवून त्यावर भिंती गिरवल्या होत्या. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत दोन तुकड्यांत काढलेली, आणि त्या तुकड्यांची टोकं दीड इंचानं भेटायची राहिलेली. पूर्ण घर पडद्यावर मावेल एवढं लहान करून बघितलं तर दीड इंच दिसतच नाही. भिंतीचा भराव बंद करून नुसत्या रेषा ठेवल्या, तेव्हा दिसलं.

बीळ लवकर सापडत नसेल तर मी खोलीत मधोमध एक तात्पुरती भिंत टाकतो. जी बाजू वेगळी रंगते ती शाबूत. जी रंगत नाही तिच्यात पुन्हा मधोमध भिंत. चार-पाच वेळा असं केलं की मोठ्या बंगल्यातलीही फट हाताला लागते. डोळे फोडून कोपरे तपासण्यापेक्षा हे बरं.

देवघराची गोष्ट निराळी. तिथं चूक नव्हती, समज वेगळी होती. काकूंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, देवघराला दार नको, नुसती कमान हवी. मुलीनं भिंत तीन फूट तोडली आणि मोकळी जागा सोडली. कागदावर ते बरोबर दिसतं. पण सॉफ्टवेअरच्या लेखी तो फुटलेला बांध. भिंत अखंड ठेवून तिच्यात दार नसलेली चौकट बसवायची, मग ये-जा मोकळी राहते आणि खोलीही खोली राहते.

आता त्या सहा इंचांच्या पायरीचं कारण आपोआप समोर आलं. जागा मागं उतरती, म्हणून स्वयंपाकघराचं जोतं सहा इंच खाली घ्यायचं ठरलं होतं. मुलीनं स्वयंपाकघर निवडून जमीन सहा इंच खाली केली. पण स्वयंपाकघर म्हणून वेगळी खोली अस्तित्वातच नव्हती. तिनं ज्याची जमीन खाली केली त्यात माजघरही होतं. माजघर खचलं. खोलीची उंची १० फूट आहे म्हणजे जमिनीपासून १० फूट, त्यामुळं जमीन खचली तशी भिंतीची टोकंही सहा इंच खाली आली. छप्पर भिंतीच्या टोकांवर बसतं. शेजारच्या झोपायच्या खोलीची टोकं १० फुटांवर, माजघराची साडेनऊवर, मग एकाच पाख्यात त्या दोहोंना झाकायचं कसं? सॉफ्टवेअरनं जे करायला हवं तेच केलं, पाखं मोडलं. बिचाऱ्यानं आज्ञा पाळली होती.

फट बुजवल्यावर माजघर वर आलं. स्वयंपाकघर खालीच राहिलं, ते बरोबर होतं, पण त्याची उंची १० फूट ६ इंच केली, म्हणजे जमीन खाली आणि भिंतीची टोकं सगळ्या घराशी एका पातळीत. मुलगी तिथं थोडा वेळ अडली. "मग स्वयंपाकघर जास्त उंच नाही का होणार?" होणारच. उतरत्या जागेवरच्या कुठल्याही जुन्या घराचं मागचं दालन आत शिरलं की उंच वाटतं, ते यामुळंच.

सोप्याला फार वेळ लागला नाही. पुढची बाजू खांबांची, उघडी, म्हणजे तिथं भिंत नाही, म्हणजे खोली नाही, म्हणजे छप्पर नाही. खांबांच्या ओळीत न दिसणारी भिंत घातली, ती खोली म्हणून बंद झाली आणि 'या खोलीवर छप्पर' ही खूण लागू पडली. खांब ती भिंत सांभाळत नाहीत आणि भिंत खांबांना सांभाळत नाही, ती फक्त सॉफ्टवेअरला सीमा दाखवायला असते. आमच्याकडं पूर्वी एकानं ती भिंत खरीच समजून विटांच्या हिशेबात धरली होती. अंदाजपत्रकात विटा वाढल्या, मालकानं बरोबर पकडलं.

एवढं झाल्यावर छप्पर पुन्हा बांधायला लावलं. ११ ची सात पाखी झाली. पायरी गेली, सोपा झाकला गेला, पण पश्चिमेला अजून चिंध्या होत्या.

पश्चिमेकडं दोन कारणं एकमेकांत गुंतली होती. सॉफ्टवेअर न सांगता प्रत्येक बाहेरच्या भिंतीवरून पाखं उचलतं, म्हणजे मूळ स्वभाव चौपाखीचा. दुपाखी हवं असेल तर टोकाच्या भिंतीला सांगावं लागतं की तू त्रिकोणी हो, तुझ्यावर पाखं नाही. मुख्य घराची पश्चिमेची भिंत आणि शेपटीची पश्चिमेची भिंत एका ओळीत होत्या, आणि मुलीनं सोयीसाठी ती एकच लांब भिंत काढली होती. मुख्य घरासाठी तिला त्रिकोणी केलं तर शेपटीचं पश्चिमेचं पाखं नाहीसं व्हायचं. साधं केलं तर मुख्य घराच्या टोकाला तिसरं पाखं यायचं. एका भिंतीला दोन हुकूम देता येत नाहीत. ती जिथं बदलते तिथं तोडावीच लागते, जरी गवंडी ती एकसंधच बांधणार असला तरी.

दुसरं कारण न्हाणी. शेपटीच्या टोकाला न्हाणी आणि तिची बाहेरची भिंत साडेचार इंची, बाकीची नऊ इंची. दोन्हींची मध्यरेषा एकावर एक ठेवली होती. बाहेरचे पृष्ठभाग मग सव्वादोन इंचानं मागंपुढं होतात. भिंत बांधताना गवंडी बाहेरून दोरी धरतो आणि फरक आत जाऊ देतो, त्याला हे सांगावं लागत नाही. सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. त्यानं त्या सव्वादोन इंचांवर इमानानं एक बोटभर रुंदीचं पाखं बांधलं होतं. बाहेरचे पृष्ठभाग जुळवले, चिंधी गेली. गिलावा धरून जाडी मोजायची की न धरता, हेही भिंतींच्या प्रकारांत सगळीकडं एकसारखं हवं. नाहीतर पाऊण इंचाच्या चिंध्या निघतात, आणि त्या शोधायला आणखी कटकट.

पाखी चार झाली. मुलीनं सुटकेचा श्वास सोडला. मी चित्र मोबाइलवर काढून गुरुजींच्या गावच्या मिस्त्रीमामांना पाठवलं, आणि तिथं सगळं प्रकरण पुन्हा उघडलं. मामांचा फोन आला. "सायेब, छप्पर झ्याक हाय. पर ह्या कोपऱ्यावरचं पाणी जानार कुटं?"

मी पुन्हा बघितलं. शेपटी मुख्य घराच्या पश्चिमेच्या भिंतीशी ओळीत असल्यामुळं दोन छपरांच्या मधली पश्चिमेची पन्हळ थेट बाहेरच्या कोपऱ्यावर येऊन संपत होती. दोन्ही पाख्यांचं पाणी त्या एका टोकावर, खाली न्हाणीकडं जायची वाट, आणि बाजूला मुख्य घराची त्रिकोणी भिंत, जिच्यावर ते आपटणार. जावळीच्या पावसात अशी पन्हळ एका आषाढातच भिंतीत ओल सोडते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं यात काहीच चुकीचं नव्हतं. पाखी बंद, कडा जुळलेल्या, एकही इशारा नाही. पाणी हा विषयच त्याला ठाऊक नाही.

मामांचं म्हणणं, मागचं दालन हातभर आत सरकवा. आम्ही तीन फूट सरकवलं. पन्हळ आतल्या काटकोनात आली, जिथं मुख्य घराची वळचण आणि शेपटीची वळचण भेटतात, आणि तिथून पाणी पत्र्याच्या नळात घेता येतं. गंमत म्हणजे भिंत एका ओळीत राहिली नाही तेव्हा 'एका भिंतीला दोन हुकूम' हा पेचही संपला. मुलीनं मागच्या दिवशी ज्या भिंतीसाठी अर्धा दिवस घालवला होता ती भिंत आता मुळात एक नव्हतीच. तिला याचा राग आला. रास्तच होता.

आता वासे. यात माझी चूक मोठी, कारण सांगायला मी विसरलो होतो. सॉफ्टवेअरमध्ये 'सांगाडा आपोआप बांधा' असं असतं आणि ते दाबलं की क्षणात सगळे वासे, आढं, कडेच्या पट्ट्या उभ्या राहतात. बघायला सुरेख. पण तो सांगाडा अमेरिकेतल्या लाकडी घराचा. तिथं वासे १६ किंवा २४ इंचांवर येतात, कारण वर मारायची प्लायची पाटी आठ फुटी, म्हणजे ९६ इंचांची, आणि ९६ ला सोळानंही भाग जातो आणि चोविसानंही. आपल्याकडं कौलाखाली प्लाय नाही, तर या अंतराला अर्थही नाही. मुलीनं वाशांची यादी छापून फॅब्रिकेटरला, म्हणजे छपराचा सांगाडा बनवून देणाऱ्याला, व्हॉट्सॲपवर पाठवली होती. त्याचं उत्तर आलं, "ताई, एवढं सागवान कुठनं आणायचं?"

कौलांतून डोकावणारे वासे मात्र वेगळ्या कारणानं डोकावत होते. सांगाडा एकदा बांधला की तो आपोआप बदलत नाही, निदान आमच्या फाइलमध्ये ती खूण बंद होती. पाखी खाली-वर झाली, वासे पहिल्या छपराचेच राहिले. छप्पर पक्कं होईपर्यंत सांगाडा बांधायचाच नाही, आणि बांधला असेल तर आधी पुसायचा. पोटमाळ्याच्या त्रिकोणी भिंतींचंही तेच. जुन्या उंचीच्या भिंती नव्या पाख्यातून दोन-तीन इंच वर येतात आणि माणूस छप्पर खराब समजून छपराशी झगडत बसतो.

आमचा सांगाडा मग असा ठरला : आठ फुटांच्या अंतरावर लोखंडी चौकोनी पाइपच्या कैच्या, म्हणजे त्रिकोणी चौकटी, त्यांवर आडवी पर्लिनं, म्हणजे एका कैचीवरून दुसरीवर जाणारे आधार, त्यांवर उभे पाइप आणि सगळ्यात वर पुन्हा आडव्या रिपा, ज्यांवर कौलं टेकतात. रिपांमधलं अंतर पुस्तकातून घ्यायचं नाही, जी कौलं येणार त्यांतलं एक हातात घेऊन मोजायचं. साधारण साडेबारा इंच निघतं. अर्धी रुंदी ११ फूट आणि वळचण अडीच फूट, उतारावर मोजलं तर साडेपंधरा फुटांहून थोडं जास्त, त्यात १५ ओळी बसतात. वळचण दोन फूट केली असती तर एक ओळ कापावी लागली असती. कापलेलं कौल वळचणीला बसवलं तर वारा ते पहिलं उचलतो, आणि आढ्याखाली बसवलं तर आढ्यावरच्या कोन्याच्या कौलाखाली पाणी घुसतं. हे सॉफ्टवेअर सांगत नाही. वळचणीचा आकडा आपणच असा निवडायचा.

एक बारीक गोष्ट आणखी. लाकडी वाशाला भिंतीवर बसायला खाच पाडतात, आणि सॉफ्टवेअर ती खाच गृहीत धरून छप्पर तेवढं खाली बसवतं. लोखंडी कैचीला खाच नसते, ती काँक्रीटच्या पट्ट्यावर उभी राहते. आमच्या छेदचित्रात आणि फॅब्रिकेटरच्या मापात चार इंचांचा फरक येत होता तो याचा. छप्पर भिंतीच्या टोकापासून तेवढं उचललं आणि दोघांचे आकडे जुळले.

कैच्यांचे पाइप किती जाडीचे, हे आम्ही ठरवलं नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम, आणि पडद्यावर सांगाडा उभा दिसला म्हणून तो उभा राहील असं होत नाही. त्यांना आम्ही दिलं ते फक्त क्षेत्रफळ. उतारावर मोजलेलं छप्पर साधारण १६३ चौरस मीटर. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागाप्रमाणं मंगलोरी कौलांचं रिपांसकट वजन दर चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास धरतात, म्हणजे कोरडं छप्परच साडेदहा टनांचं. कौलं फुटतूट धरून २६०० सांगितली. ११ पाख्यांच्या फाइलनं दिलेलं क्षेत्रफळ यापेक्षा बरंच जास्त होतं, कारण काही पाखी एकावर एक होती आणि ती दोनदा मोजली गेली होती. ती यादी बाजारात गेली असती तर गुरुजींच्या अंगणात कौलांचा एक जादा ढीग पडला असता.

इंजिनिअरनी मात्र कैच्यांआधी त्रिकोणी भिंतींवर बोट ठेवलं. मुख्य घराच्या दोन्ही टोकांना भिंतीच्या वर ६ फूट ५ इंच उंच विटांचा त्रिकोण येत होता, सॉफ्टवेअरनं तो आपोआप नऊ इंची विटेचा दाखवला होता. वरून मोकळा, कशालाही न बांधलेला विटांचा त्रिकोण हलत्या जमिनीवर सगळ्यात आधी कोसळतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना अजून सांगावा लागत नाही. गुरुजींना तर नाहीच, ते तेव्हा शाळेत शिकत होते. आयएस ४३२६ मध्ये अशा भिंतीला छपराच्या पातळीवर आणि त्रिकोणाच्या दोन्ही उतरत्या कडांनी काँक्रीटचा पट्टा सांगितलाय. इथं विटांचा त्रिकोण ठेवायचाच नाही असं ठरलं. भिंत १० फुटांवर पट्ट्यात संपवायची आणि वर लोखंडी चौकटीत लाकडी झडपा, म्हणजे पोटमाळ्यालाही वारा मिळतो. फाइलमध्ये पोटमाळ्याच्या भिंतींचा प्रकार बदलला, बस्स.

नकाशे गेल्या आठवड्यात दिले. एक गोष्ट राहिली आहे. काकूंना स्वयंपाकघरात गॅसशेजारी चूलही हवी, भाकरीसाठी, आणि तिच्यावर धुराडं. धुराडं छपरातून न्यायचं तर ते जमिनीपासून छपरापर्यंत चार भिंतींची अरुंद खोली म्हणून काढावं लागेल आणि त्या खोलीवर छप्पर नको असं सांगावं लागेल. शिवाय ते पन्हळीपासून लांब हवं. स्वयंपाकघर आता तीन फूट सरकल्यामुळं चुलीची जागा पन्हळीच्या जवळ आली आहे. मुलगी आज सकाळपासून त्यावर बसली आहे, आणि मिस्त्रीमामा उद्या कार्यालयात येणार आहेत.